आईची तिथी

मी शाई उगाळली, कागदाची लांबट पट्टी कापली आणि कुंचला बुडवणार, तेवढ्यात सोकजू पंपघरातून घरी आला. तो दारातच थांबला. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे, खांद्यावर इंजिनाचा तुटलेला पट्टा. उत्तरेकडच्या भिंतीशी मांडलेल्या बुटक्या मेजाकडे त्याने पाहिले. मेजावर नाशपात्या होत्या, सुकी बोरे होती, वाफवलेला मासा होता, तांदळाच्या दारूची किटली होती आणि दोन मेणबत्त्या होत्या.

"गुरुजी, हे काय लिहितोयस?" त्याने विचारले.

मी त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. तो मला गुरुजी म्हणे आणि त्याच दमात अरे-तुरेही करे. मी काही बोलायच्या आत त्याची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. बेटावर तिला सगळे मुलीच्या नावाने ओक्रानची आई म्हणत. मी बोलावलंय त्यांना, ती म्हणाली. आज नवव्या महिन्याची नवमी आहे, अख्खं गाव करतंय, आपल्याच घरी का नको?

आमच्याकडे ज्यांना आपल्या माणसाची मरणतिथी ठाऊक नाही, ते या नवमीला श्राद्ध घालतात. ग्योदोंग बेटावर अशी घरे फार. पन्नास वर्षांपूर्वी लढाईत समोरच्या किनाऱ्यावरून नावांत बसून माणसे इथे आली, ती चार दिवसांसाठी. समोरचा किनारा पुढे उत्तर कोरियात गेला, आमचे बेट दक्षिणेत राहिले, आणि मधल्या तीन किलोमीटर पाण्यातून त्यानंतर पत्रसुद्धा आले-गेले नाही. तिकडे राहिलेले आई-बाप कधी गेले, गेले की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. माणसे दहा वर्षे थांबत, वीस वर्षे थांबत, आणि मग एका वर्षी बायको गुपचूप नाशपात्या घेऊन येई आणि माझ्याकडे निरोप येई. श्राद्धाच्या मेजावर गेलेल्याचे नाव लिहिलेला कागद लावावा लागतो, विधी संपला की तो जाळतात. चिनी अक्षरे नीट लिहिता येणारा बेटावर मी एकटाच उरलो होतो. त्या दिवशी सकाळपासून अकरा घरांत लिहून आलो होतो. हे बारावे.

"कुणाचं लिहितोयस ते विचारलं," सोकजू म्हणाला.

"तुमच्या आईचं. आणखी कुणाचं?" त्याची बायको म्हणाली.

"ती गेली असं कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? शहाण्णव वर्षांच्या झाल्या असत्या."

"तिची आई एक्याण्णव जगली. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायची, चष्मा न लावता."

ओक्रानची आई काहीतरी बोलणार होती, पण थांबली. ती काय बोलणार होती ते मला कळले. उत्तरेत चार-पाच वर्षे दुष्काळ होता, धडधाकट माणसे मरत होती, हे आम्ही सगळेच रेडिओवर ऐकत होतो. ते तिने गिळले आणि दुसरेच बोलली. तिचा आवाजही उतरला.

"मी सून आहे. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझा एक नमस्कार पोचला नाही त्यांना. ना भात, ना पाणी. गेल्या असतील तर उपाशी फिरत असतील. उद्या मी मेले आणि भेटल्या, तर काय तोंड दाखवू?"

"आणि जिवंत असली तर?" सोकजू म्हणाला. "जिवंत आईचं पान वाढू? माझ्या हातानं?"

तो आत आला, मेजापाशी वाकला, त्याच ग्रीसच्या हाताने सगळ्यात वरची नाशपाती उचलली आणि तिचा मोठा लचका तोडला. श्राद्धाच्या फळाला विधीआधी कुणी तोंड लावत नाही. मी लावलं, म्हणजे हे श्राद्ध नाही, साधं जेवण आहे, असे तो भरल्या तोंडाने म्हणाला आणि मला म्हणाला, तो कागद गुंडाळ, जेवायला बस.

मी कागद गुंडाळला. ओक्रानच्या आईने माझ्यापुढे भाताचा वाडगा ठेवला तो जरा जोरातच.

त्याचे हे नवे नव्हते. दुसऱ्या चांद्र महिन्यात आईचा वाढदिवस आला की तो समुद्रशेवाळाचे सार करायला लावी. जिवंत माणसाच्या वाढदिवसाला करतात, तसेच. त्या दिवशी कुणी त्याच्या घरी गेले तर त्यालाही वाटीभर मिळे आणि आई आता किती वर्षांची झाली, हेही कळे. बेटावरचे लोक त्याच्या पाठीमागे हसत. तोंडावर हसायची सोय नव्हती. भातलावणीच्या दिवसांत पंप बंद पडला तर तोच लागे.

त्याला मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. एक्कावन्न सालचा जानेवारी. खाडीच्या कडेला बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि नावेतून वीस वर्षांचा एक उंच मुलगा उतरला. बाकीच्यांच्या पाठीवर गाठोडी होती, भांडी होती, म्हाताऱ्या होत्या. याच्या पाठीवर बियाण्याच्या भाताचे पोते होते. माझ्या वडिलांनी विचारले, की हे कशाला आणलेस? तो म्हणाला, घरी ठेवलं तर कुठलंतरी सैन्य खाऊन टाकेल. तीन दिवसांनी परत नेतो.

पुढे मी बेटाच्या शाळेत मास्तर झालो. दर वर्षी जूनमध्ये चौथीच्या पोरांना देशाची फाळणी शिकवायची असे. पुस्तकात त्याची चार पाने होती आणि चित्रात उत्तरेकडचे लोक लांडग्याच्या तोंडाचे काढलेले होते. पोरांना त्यातून काही कळत नसे. साल पाठ होई, एवढेच. म्हणून मी त्यांना पटांगणात नेई आणि चिखलात एक वरचा खड्डा, एक खालचे सपाट शेत आणि मध्ये एक लांब पाट खणायला लावी. पोरे त्या कामावर जीव टाकत. मग सोकजू पाण्याच्या बादल्या घेऊन येई. पहिल्या वर्षी ते त्याला मी सांगितले होते, नंतर सांगावे लागत नसे. जून उजाडला की तोच विचारी, खणायचं कधी?

सोकजूचे घराणे पाटकऱ्यांचे. समोरच्या योनबेकच्या मैदानात त्यांचे गाव, आणि सगळ्या मैदानाला पाणी येई ते उत्तरेकडच्या डोंगरातल्या मोठ्या तलावातून. वडील पाटावरची दारे उघडत आणि बंद करत. ते गेल्यावर थोरला भाऊ तलावाच्या मुख्य दारावर नोकरीला लागला आणि बायकोला घेऊन तिथेच राहिला. खालचा पाट सोकजूकडे आला. थोरल्याने वर चाक फिरवले की अर्ध्या दिवसाने पाणी सोकजूच्या पायाशी येई.

पोरांनी खड्ड्यात पाणी भरले, पाटातून ते शेतात आले, की मी खड्ड्याच्या खालच्या बाजूला पाटावर गवताची एक दोरी आडवी टाकी. ही रेषा, मी म्हणे. पंचेचाळीस साली जपानी हरले आणि गेले. पस्तीस वर्षांनी आपला देश आपल्याला मिळाला. पण वरून रशियाचे सैन्य आले, खालून अमेरिकेचे, आणि कुणी कुठपर्यंत यायचे ते ठरवायला दूर अमेरिकेत नकाशावर एक रेघ ओढली गेली. तलाव रेघेच्या वर पडला. शेते खाली पडली.

"ज्यांनी काढली त्यांना तलाव दिसला नाही का?" पोरे विचारत. दर वर्षी कुणीतरी विचारीच.

सोकजू सांगे, की नकाशा लहान होता, तलाव त्यावर तांदळाच्या दाण्याएवढाही नसेल. पहिली दोन-तीन वर्षे काही वाटलेच नाही. लोक रेघ ओलांडून बाजाराला जात, लग्नाला जात. शिपायाला अंडी दिली की तो दुसरीकडे बघे. थोरला सणाला घरी येई. मग अठ्ठेचाळीस साल आले. खाली दक्षिणेत वेगळी निवडणूक व्हायची ठरली, वर उत्तरेतल्यांना ती मान्य नव्हती, आणि ऐन लावणीच्या तोंडावर पाटाचे पाणी आटले.

सोकजूला आधी वाटले, कुठे बांध फुटला असेल. तो फावडे घेऊन कोरड्या पाटातून वर चालत गेला. दिवसभर चालला. पाटाच्या तळाशी चिखलात मासे तडफडत होते, ते त्याने येताना वेचायचे ठरवले. रेघेपाशी शिपायाने अडवले. बरीच विनवणी केल्यावर त्याने थोरल्याला बोलावून आणले. दोघे भाऊ दहा पावलांवर उभे राहिले. थोरल्याने डोक्यावरच्या टोपीत उकडलेले बटाटे आणले होते.

"दार मीच बंद केलंय," थोरला म्हणाला. "मी नाही केलं तर दुसरा करेल, आणि मला इथं ठेवणार नाहीत. आईला सांग, यंदा पावसावर लावा."

बटाटे त्याने शिपायाच्या हाती दिले, शिपायाने दोन स्वतःला ठेवून बाकीचे सोकजूला दिले. पोरे इथे हसत. सोकजूही हसे.

मग मी सांगे, की त्या उन्हाळ्यात सेऊलमध्ये एक राज्य जाहीर झाले आणि पंचवीस दिवसांनी प्योंगयांगमध्ये दुसरे. दोघेही म्हणत होते की सगळा कोरिया आमचा, समोरचे खोटे. एकदा एका मुलीने सोकजूला विचारले, तुमचे थोरले भाऊ लांडगा होते का? पुस्तकातले चित्र तिच्या डोक्यात होते. मी घाबरलो. ते दिवस असे होते की अशा प्रश्नाला चुकीचे उत्तर दिले तर मास्तराची नोकरी जाई, आणि उत्तर देणाऱ्याचे काय होई ते विचारूच नये.

सोकजूने बादली खाली ठेवली. "थोरला ना?" तो म्हणाला. "अगं, त्याला शेजारचं कुत्रं भुंकलं तरी घाम फुटायचा."

पोरे लोळून हसली. मी घाईघाईने पुढचे सांगितले. पन्नास सालच्या जूनमध्ये लढाई लागली. सैन्ये खाली गेली, वर गेली, पुन्हा खाली आली. जे सैन्य गावात येई ते तरण्या पोरांना धरून नेई, आणि दुसरे आले की राहिलेल्यांना विचारी, पहिल्याला भात कुणी घातला? त्या हिवाळ्यात सोकजूच्या आईने त्याला सांगितले, की तीन दिवस बेटावर जा, गडबड निवली की ये. ती स्वतः आली नाही. धाकट्या बहिणीला, योनसिलला, गोवर आला होता, नावेत वारा लागला असता. आणि थोरला तलावावरून आला तर घरी कुणीतरी हवे. त्रेपन्न साली लढाई थांबली तेव्हा रेघ सरकली होती. सोकजूचे गाव आधी रेघेच्या दक्षिणेला होते, आता उत्तरेत गेले. गाव होते तिथेच होते. बेटावरून स्वच्छ दिवशी त्याच्या चुलींचा धूर दिसे.

बियाण्याचे पोते त्याने दोन वर्षे उंदरांपासून राखले. मग बेटावरच पेरले.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात दोन्ही सरकारांनी काही कुटुंबांच्या भेटी घडवल्या. अर्ज केलेले लाखभर आणि भेट शंभरांना, तेव्हा नावे सोडतीने काढत. सोकजूला आयुष्यात कधी जत्रेत साबणाची वडीही लागली नव्हती. भेटीच्या यादीत त्याचे नाव आले नाही. नवमीची नाशपाती त्याने खाल्ली ती त्याच वर्षी. पण पुढच्या वसंतात काहीशे लोकांची पत्रे एकमेकांना पोचवायचे ठरले, त्या यादीत त्याचे नाव निघाले. मार्चमध्ये रेड क्रॉसमार्फत लिफाफा आला.

तो लिफाफा घेऊन सोकजू घरी गेला नाही. मला पंपघरात बोलावले. लावणीआधीची दुरुस्ती चालली होती, पंपाचे झाकण उघडे होते, बोल्ट एका फडक्यावर ओळीने मांडले होते. चष्मा घरी राहिला, तो म्हणाला. चष्मा त्याच्या खिशात दिसत होता.

पत्र योनसिलचे होते. गोवर आलेली सहा वर्षांची पोर आता छप्पन्न वर्षांची होती. सुरुवातीला तिकडच्या सगळ्या पत्रांत असतात ती वाक्ये होती, सरकारच्या कृपेने आम्हाला काही कमी नाही, वगैरे. सोकजू म्हणाला, ते सोड, पुढे वाच. मी वाचत गेलो.

'दादा, तू गेल्यापासून आई रोज तुझ्या वाटचा भात वाडग्यात काढायची, झाकण घालायची आणि खोलीत जिथे चुलीची ऊब जमिनीखालून येते तिथे गोधडीत गुंडाळून ठेवायची. तू तीन दिवसांत येणार होतास. दमून येशील आणि थंड भात खावा लागेल, म्हणून. संध्याकाळी तो भात ती मला भरवायची. तो ती स्वतःच्या वाटचा काढत होती, हे मला फार उशिरा कळलं. उन्हाळ्यात तांदूळ संपला, मग वाडग्यात कोंड्याची पेज असायची. तरी झाकण घालायची. आठव्या महिन्याच्या षष्ठीला ती गेली. नवीन भात यायला पंधरा दिवस होते. थोरला दादा लढाईच्या पहिल्याच वर्षी गेला, ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. मला तलावावरच्या वहिनीनं वाढवलं.'

"कुठलं साल?" सोकजूने विचारले.

मी पत्रात पुन्हा पाहिले. "एक्कावन्न."

"नीट बघ."

"एक्कावन्नच लिहिलंय, दादा."

त्याने फडक्यावरचा एक बोल्ट उचलला, झाकण जागेवर ठेवले आणि पान्याने आवळायला लागला. पन्नास वर्षांत त्याच्या हातून बोल्ट कधी जास्त पिळला गेला नव्हता. कुठे थांबायचे ते त्याच्या मनगटाला ठाऊक होते. त्या दिवशी तो पिळतच राहिला. आटे गेले, पाना नुसता गरगर फिरला, तेव्हा त्याचे लक्ष गेले.

"आठ महिने," तो म्हणाला. "मी आल्यावर आठ महिने. आणि मी तिचे वाढदिवस करत बसलो."

पोरे असती तर काहीतरी समजावून सांगता आले असते. थोड्या वेळाने त्याने मला विचारले, श्राद्धाच्या पुस्तकांतलं तुला सगळं ठाऊक आहे, पन्नास वर्षांचं एकदम घालता येतं का? मी म्हणालो, तसं कुठे दिलेलं नाही. मग काय दिलंय, असे त्याने विचारले. वर्षातून एकदा, तिथीला, मी म्हणालो. तिथी कळली त्या वर्षापासून पुढे. आणि मागचं? मागच्याबद्दल काही दिलेलं नाही.

त्याने मान हलवली, पत्र घडी करून खिशात चष्म्याशेजारी ठेवले आणि मला सांगितले, की घरी तूच सांग.

ओक्रानच्या आईला मी सांगितले तेव्हा ती मुळा चिरत होती. मला वाटले होते, ती म्हणेल, मी इतकी वर्षं काय सांगत होते? तिने सुरी खाली ठेवली. चुलीवरच्या भाताच्या भांड्याचे झाकण उगाचच उघडून पाहिले आणि पुन्हा घातले. मग तिने एवढेच विचारले, की ते जेवायला येतायत का?

त्या वर्षी सोकजूने पंपघरामागच्या तुकड्यात लवकर येणारे भात लावले. एवढ्या छोट्या तुकड्याला वेगळे बियाणे कशाला, असे लोकांनी विचारले तर तो म्हणे, बघूया कसं येतं. रोज संध्याकाळी तिथे उभा राही. लोंब्या भरल्या, वाकल्या. षष्ठीच्या चार दिवस आधी त्याने ते विळ्याने एकट्याने कापले, चटईवर वाळवले आणि कांडून आणले. बेटावर बाकी कुणाचाच नवा तांदूळ अजून आला नव्हता.

पूर्वी श्राद्ध मध्यरात्री करत, आता सगळे संध्याकाळीच उरकतात. मी दिवस कलताना गेलो. ओक्रान दुपारच्या नावेने इंचॉनहून आली होती, चाळिशी उलटलेली, बापासारखीच उंच. ती फळे मांडत होती आणि तिची आई तिला मांडणीवरून बोलत होती, मासा पूर्वेला, डोकं कुठे केलंस, लग्नाला वीस वर्षं झाली तरी सांगावं लागतं. अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी ओक्रानच्या आईने स्वतः सोडली. श्राद्धाच्या दिवशी ती सोडतात, येणाऱ्या आत्म्याला अडथळा होऊ नये म्हणून. फाटक सताड उघडे ठेवले.

सोकजू पांढरे कपडे घालून ओसरीवर उभा होता. तिथून पुढे शेते दिसत, शेतांच्या टोकाला लष्कराचे काटेरी कुंपण आणि त्यापलीकडे पाणी. समोरच्या किनाऱ्यावरचे प्रचाराचे भोंगे सुरू झाले होते, वाऱ्याबरोबर एखादा शब्द येत होता. थोड्या वेळाने आपल्या बाजूचेही सुरू झाले.

"ही दोरी सोडलीस ते बरं केलंस," तो बायकोला म्हणाला, कुंपणाकडे बघत.

तिने त्याच्याकडे पाहिले आणि दोरी गुंडाळत आत गेली.

मी कागद लिहिला. सोकजूने तो उत्तरेच्या भिंतीला लावला, उदबत्ती पेटवली, दारूचा पेला तिच्या धुरावर तीनदा फिरवून ठेवला आणि दोनदा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. दुसऱ्या नमस्काराला तो उठायला वेळ लावतो आहे असे मला वाटले, पण गुडघेही एकाहत्तर वर्षांचे होते. ओक्रानच्या आईने चार नमस्कार केले, सुनेचे. मग नव्या तांदळाचा भात आला. वाडगा वरपर्यंत भरलेला, शिगोशीग, वाफेने तिचा चेहरा दिसत नव्हता. सोकजूने भातात चमचा उभा रोवला आणि आम्ही सगळे उठून खोलीबाहेर आलो. त्याने दार ओढून घेतले.

याच्यानंतर थांबायचे असते. आलेल्याला निवांत जेवता यावे, जिवंतांची नजर पडू नये, म्हणून. माणसाला नऊ घास खायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ बाहेर बसतात. मग घरातला मोठा तीनदा खोकतो, म्हणजे आतल्याला कळावे, आणि दार उघडतो. पुस्तकात तसेच दिले आहे आणि मी बेटावरच्या बहुतेक घरांत तसेच होताना पाहिले आहे. लोक खरे तर नऊ घासही थांबत नाहीत. पाच-सहा झाले की घसा खाकरतात, पोरांना भूक लागलेली असते.

आम्ही ओसरीवर ओळीने बसलो. नऊ घासांचा वेळ गेला. मी मनात मोजत होतो, सवयीने. सोकजू मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून बंद दाराकडे तोंड करून बसला होता. आणखी नऊ घास गेले. ओक्रानने माझ्याकडे पाहिले, गुरुजी, तुम्ही सांगा, अशा नजरेने. मी शेतांकडे पाहिले. उजेड जात चालला होता. कागदाने मढवलेल्या दारातून आतल्या मेणबत्त्यांचा पिवळा चौकोन दिसायला लागला.

माझे पाय बधिर झाले. आत भात निवत असणार, मासा निवत असणार. शेवटी ओक्रानच्या आईने दाराकडे हात नेला, हळूच, कुणाला न दुखवता उरकावे म्हणून.

"बस," सोकजू म्हणाला. "ती सावकाश जेवते."

ओक्रानच्या आईने हात मागे घेतला. ती पुन्हा त्याच्या शेजारी बसली, आणि आम्ही कुणीच खोकलो नाही.